वरणातली गोळी

गंगापूर रोडच्या मागच्या एका गल्लीत मीनाची पिठाची गिरणी होती. वडिलांनी टाकलेली. आईवडील गेल्यावर घरात ती आणि धाकटा भाऊ धनराज, दोघंच उरले. मोठा भाऊ रंगनाथ विंचूरला कांद्याच्या व्यापारात होता. सणावाराला यायचा, अधिकारानं बोलायचा आणि जायचा.

धनराज सातपूरच्या एका कारखान्यात वायरमन होता. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याला आवाज ऐकू यायला लागले. मीटरमधून माणसं माझ्याबद्दल बोलतात, असं म्हणत त्यानं एका दुपारी घरातल्या आणि गिरणीतल्या सगळ्या वायरी कापून टाकल्या. दळण घेऊन आलेल्या बायका दारात उभ्याच राहिल्या. मीना त्याला वाट्टेल ते बोलली. मग त्याच्या चेहऱ्यावरची भीती दिसली आणि ती गप्प झाली.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्यांनी फरक पडला. पण बरं वाटलं की धनराज गोळ्या सोडायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. दर वेळी मीनाला वाटायचं, आता तरी याला कळलं असेल. त्यात नोकरी गेली. गल्लीतलं कुणी म्हणे उतारा टाका, कुणी म्हणे त्र्यंबकला नारायण नागबळी करा. दवाखान्यात सोबत यायला मात्र कुणी मोकळं नसायचं.

दोन हजार सालात धनराज बरेच महिने ठीक राहिला. रंगनाथनं लगेच इगतपुरीचं स्थळ आणलं.

"लग्न झालं का येईल ताळ्यावर," तो म्हणाला.

"दादा, बायको म्हणजे काय औषध आहे का?"

"तू मधी पडू नको. त्यांना काही सांगायचं नाय."

मुलगी आणि तिची आई कुसाबाई आल्या. इस्त्रीच्या शर्टात धनराज छान दिसत होता, नीट बोलत होता. कुसाबाई हात धुवायला आत आल्या आणि स्वयंपाकघर बघत म्हणाल्या, "पोरीला इथं काही त्रास नाय ना होणार, ताई?" मीनाला राहवलं नाही. तिनं सगळं सांगितलं. आजार, गोळ्या, कापलेल्या वायरी. कुसाबाईंनी तिचा हात धरला, बरं झालं बोललात म्हणाल्या आणि चहा न घेताच मुलीला घेऊन निघून गेल्या.

रंगनाथनं त्या दिवसापासून येणं बंद केलं. धनराज भिंतीकडे तोंड करून बसला. "ताई, एकदा तरी मला चार माणसांसारखं बसू द्यायचं होतंस," एवढंच म्हणाला. आणि त्यानं गोळ्या घेणं सोडलं.

आठवडाभरात तो पुन्हा मीटरला कान लावून उभा राहायला लागला. मीना विनवून थकली, ओरडून थकली. रंगनाथची बायको सविता हिनं नवऱ्याला चोरून फोन केला. "गोळी कुटून वरणात घाला. त्याला काय कळतंय?" मीनाला ते पटलं नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. ती घालायला लागली. धनराज शांत झाला, गिरणीत बसायला लागला. वाढताना ती त्याच्याकडे बघायची नाही.

एका सकाळी तो पाणी प्यायला आत आला. मीनाच्या हातात खलबत्ता होता, बाजूला गोळ्यांचं पाकीट. तो ओरडला नाही.

"कुसाबाई परक्या होत्या, ताई. त्यांना खरं सांगितलंस. मला मात्र रोज खोटं वाढलंस."

मीनानं खलबत्ता खाली ठेवला.

त्यानं तिच्या हातचं खाणं सोडलं. केळी आणायचा, अंडी स्वतः उकडायचा, कारण त्यांच्यात बाहेरून काही घालता येत नाही. अंगानं वाळत गेला. आवाज परतले आणि आता त्यांत एक आवाज मीनाचाही आहे, असं तो सांगायचा. एके दिवशी गिऱ्हाईक समोर असताना तिनं चालू गिरणी बंद केली. "सांगितलं तरी मीच वाईट, लपवलं तरी मीच वाईट. मग करू तरी काय मी?" ती कुणाला विचारत होती कोण जाणे. समोरची बाई दळणाचा डबा तसाच उचलून गेली.

शेवटी त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या नव्या डॉक्टरीणबाई मीनाशी न बोलता धनराजशी बोलल्या. गोळ्यांऐवजी महिन्याला एक इंजेक्शन घेता येईल. त्यानं हात थरथरू शकतात, सुस्ती येऊ शकते, हेही त्यांनी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "रोजच्या भांडणापेक्षा महिन्याचं एक परवडलं."

ते एक भांडण मात्र चुकत नाही. आता दोन हजार सहा चालू आहे. धनराज सकाळी गिरणी बघतो, दुपारी झोपतो. हात थरथरतात, म्हणून वायरीच्या कामाला तो हात लावत नाही; त्याचा राग मीनावर निघतो. इंजेक्शनच्या दिवशी तो पायरीवर बसून राहतो.

"या महिन्याला नको. मी बरा आहे."

"बरा आहेस ते त्याच्यामुळंच," मीना म्हणते. हे वाक्य बोलून बोलून तिचं तोंड दुखतं. कधी ती समजावते, कधी भांडते. गेल्या खेपेला तिनं दोन्ही केलं नाही. "मला कंटाळा आलाय, धना. मी स्टॉपवर जाऊन उभी राहते," म्हणाली आणि निघाली. पहिली बस गेली. दुसरी यायच्या आधी तो आला, थोडं अंतर ठेवून उभा राहिला. बसमध्ये दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले. तिकिटं मीनानंच काढली.