गेमला पैसे न देण्याची सहा कारणं

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला, हेही कधीकधी नीट आठवत नाही. हे एक प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एका व्हिडिओ गेमला आपण पैसे का देणार नाही, याची सहा कारणं एका बाईने लिहिली होती, एवढंच.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. सांगली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. कुपवाडच्या कारखान्यांपैकी काही आमच्या हद्दीत येत. एका सकाळी हजेरी आटोपून स्टेशन डायरीवर सही करत होतो, तेवढ्यात जुन्या खबऱ्याचा फोन आला. हा पानटपरीवाला. गिऱ्हाइकं काय बोलतात ते ऐकायचा आणि गरजेपुरतं मला सांगायचा.

“साहेब, उद्या शिफ्ट सुटायच्या टायमाला चार गाड्या माणसं कंपनीच्या गेटावर जाणार हायत. एका बाईच्या तोंडाला काळं फासायचं ठरलंय.”

“कशासाठी?”

“ते काय नीट कळंना बगा. मेंढरांचा गेम हाय म्हणं मोबाईलवरचा. ती बाई त्याला आडवी आलीया.”

दुपारपर्यंत त्या चार गाड्यांच्या म्होरक्याला मी समोर बसवलं. पस्तिशीचा धडधाकट माणूस, स्वतःचा ट्रॅक्टरचा व्यवसाय.

“तुम्ही तो गेम खेळलाय का?” मी विचारलं.

“न्हाई साहेब, अजून याचाय त्यो.”

“त्या बाईने काय लिहिलंय ते वाचलंय?”

“वाचलं न्हाई. पण ग्रुपवर आलंय की. आपल्या माणसांच्या गेमला ती आडवी येतीय. आन् नाव बगा की तिचं.”

ती मुसलमान आहे, हे त्याला सुचवायचं होतं. प्रकरण कुठल्या दिशेला चाललंय ते मला कळलं. त्याला आणि त्याच्या साथीदारांना प्रतिबंधक नोटिसा दिल्या, गेटावर दोन दिवस बंदोबस्त लावला. गाड्या आल्या नाहीत.

म्होरक्याला बोलावलं त्याच संध्याकाळी गेम करणारा तरुण स्वतः ठाण्यात आला. कराडजवळच्या मलकापूरचा, तिशीतला, गोड बोलणारा. सांगलीत त्याने छोटं ऑफिस घेतलं होतं. दुष्काळी पट्ट्यातले मेंढपाळ कळप घेऊन दरवर्षी घाटाकडे जातात, त्या वाटेवरचा त्याचा गेम. त्यासाठी इंटरनेटवरून लोकवर्गणी चालू होती. गेम तयार व्हायच्या आधी लोकांनी पैसे द्यायचे, तयार झाला की त्यांना तो सगळ्यांत आधी मिळणार. पुण्या-मुंबईतल्या आणि परदेशातल्या आपल्या माणसांनीही हात सैल सोडला होता. मग या बाईने इंटरनेटवरच्या आपल्या पानावर ती सहा कारणं लिहिली आणि वर्गणीचा ओघ आटला.

“लिहिलं त्याचं मला काही नाही साहेब,” तो म्हणाला. “पण तिने माझ्याकडे पैसे मागितले. दिले नाहीत तर अजून लिहीन म्हणाली.”

त्याने अर्जासोबत मोबाईलवरच्या संभाषणाचं रंगीत छापील चित्र जोडलं होतं. बाईचं नाव, बाईचा फोटो, दोन लाखांची मागणी. खंडणीचं सरळ प्रकरण दिसत होतं. खरं सांगायचं तर माझा त्याच्यावर विश्वास बसला. मेंढपाळांविषयी बोलताना त्याचा गळा दाटून आला होता. शिवाय आमचा एक हवालदार, स्वतः आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातला, त्याने या गेमला आपल्या पगारातून वर्गणी दिली होती. “माझ्या आज्याची वाट हाय त्यात, साहेब,” असं तो मला म्हणाला होता.

बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, असा निरोप महिला शिपायाने दिला. तिने उलट कळवलं की घरी नको, सासूबाई घाबरतील, मीच येते. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून ती स्कूटीवरून थेट ठाण्यात आली. वय चाळिशीच्या आत. एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात ती अंतिम तपासणीला होती. तयार झालेला प्रत्येक भाग मोजायचा आणि केसभर फरक असला तरी बाजूला काढायचा, हे तिचं काम. नवऱ्याचं गाद्या-उशा भरायचं दुकान. पाय मोडून तीन महिने अंथरुणावर होती तेव्हा तिला गेमचा नाद लागला आणि पाय बरा झाला तरी सुटला नाही.

समोर बसल्यावर ती रडली नाही, शपथा घेतल्या नाहीत, हातही जोडले नाहीत. तीस वर्षांच्या सवयीने मला ते खटकलं. एवढी शांत बाई म्हणजे तयारी करून आलेली असणार, असं मनात आलं. हवालदार जबाब लिहायला बसला होता. त्याचा चेहरा तर आधीच तिच्या विरोधात गेलेला.

“या माणसाशी तुमचं काय वैर?” मी विचारलं.

“वैर कसलं साहेब? मी त्यांना पाहिलेलंही नाही. असा गेम यावा असं मलाही वाटतं. याआधी पाच गेमना मी अशीच वर्गणी दिली आहे.”

“मग यालाच का नाही?”

“लिहिलंय मी. तुम्ही वाचलंय का?”

म्होरक्याला मी विचारलेला प्रश्न आता मलाच विचारला गेला होता. मी वाचलं नव्हतं. “तुम्हीच सांगा,” म्हणालो.

तिने एकेक कारण सांगायला घेतलं. आवाज न चढवता, कारखान्यात एखादा भाग नापास का झाला ते सांगावं तसं.

“त्यांनी टाकलेल्या चित्रफितीत गेम दिसतो, पण तो खेळणारं कुणी दिसत नाही. चार महिने झाले, तेच चाळीस सेकंद फिरवून फिरवून दाखवतात. दुसरं म्हणजे, आधी एकच वाट होती. लोक मागत गेले तशी कोकणची वाट आली, कर्नाटकातली आली, मग दहा भाषा आल्या. काम दहापट झालं, तारीख तीच राहिली. आमच्याकडे ऑर्डर दुप्पट झाली तर तारीख बदलावीच लागते साहेब. काम कोण करतंय, त्यांची नावं कुठे नाहीत. गेम झालाच नाही तर पैशांचं काय, यावर एक ओळ नाही. आणि प्रश्न विचारला की उत्तर येत नाही, प्रश्नच पुसला जातो. माझे तीन पुसले.”

“ही पाच झाली.”

“सहावं म्हणजे माझा अंदाज आहे. हा माणूस मेंढरांच्या वाड्यावर, मेंढपाळांच्या तळावर, कधी राहिलेला नसावा, असं मी लिहिलंय. त्या चित्रफितीतली मेंढरं बघून तसं वाटलं.”

हवालदाराचं पेन थांबलं. त्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “दावा बरं,” तो म्हणाला.

ठाण्याच्या कॉम्प्युटरवर आम्ही ती चित्रफीत लावली. हवालदाराने ती तीनदा पाहिली. वर्गणी देताना त्याने मोबाईलच्या छोट्या पडद्यावर घाईत पाहिली असावी. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर तो हळूच म्हणाला, “साहेब, ही मेंढरं आपली न्हाईत. आपली मेंढी काळी-करडी, उंच पायाची, चालून चालून वाळल्याली. ही बगा की कशी, अंगावर कापसाची गादी टाकल्यागत. बाहेरनं आयतं आणलंय ह्ये.”

आयतं चित्र वापरणं हा काही गुन्हा नाही. पण तक्रारदारावरचा माझा विश्वास तिथे पहिल्यांदा हलला. मी ते संभाषणाचं चित्र बाईपुढे ठेवलं. तिने ते उचलून तारीख आणि वेळ वाचली. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं.

“या वेळेला फोन माझ्याकडे नसतो. कंपनीत आत नेऊ देत नाहीत, गेटावर जमा करावा लागतो. माझ्या शब्दावर जाऊ नका साहेब. वही बघून घ्या.”

माझ्या शब्दावर जाऊ नका, असं सांगणारा संशयित मला तोवर भेटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आणि हवालदार कारखान्याच्या गेटावर गेलो. तिथला पहारेकरी फौजेतून निवृत्त झालेला. त्याची वही बघण्यासारखी होती. कोणाचा फोन किती वाजता जमा झाला, कितव्या कप्प्यात ठेवला, कधी परत दिला, प्रत्येक नोंदीपुढे सही. त्या दिवशी बाईचा फोन सकाळी सात ते दुपारी साडेतीन कप्प्यात होता. “एकदम पक्का साहेब, चाबी माझ्याच कमरेला,” तो म्हणाला. वहीच्या त्या पानाचा आम्ही पंचनामा केला.

तिथेच आणखी एक गोष्ट समजली. अर्जाची बातमी लागल्यावर कंपनीने त्या सकाळपासून तिला घरी बसवलं होतं. चौकशी संपेपर्यंत कामावर येऊ नका, असं सांगितलं होतं. बारा वर्षांची नोकरी.

तक्रारदाराला मी त्याचा मूळ फोन घेऊन बोलावलं. छापील चित्राला तसा काही अर्थ नसतो, ज्या यंत्रात ते आलं ते यंत्र तपासावं लागतं. तो म्हणाला, फोन बिघडला, कराडच्या एका दुकानात दुरुस्तीला दिलाय. हवालदार त्याच दिवशी कराडला जाऊन आला. दुकान होतं, फोन तिथे आलाच नव्हता.

मी आरडाओरडा केला नाही. खोटं बोलणाऱ्याला दम दिला की तो त्या खोट्यालाच घट्ट धरून बसतो. त्याला लॅपटॉप घेऊन पुन्हा बोलावलं, चहा दिला आणि म्हणालो, “तुमचा गेम मला खेळायचाय. चालू करून द्या.”

त्याने लॅपटॉप उघडला. चाळीस सेकंद मेंढरं चालली आणि थांबली. मी बाण दाबला, सगळी बटणं दाबली. पुढे काही नव्हतं.

“दोघं होतो आम्ही,” शेवटी तो म्हणाला. “प्रोग्रामिंग करणारा मित्र दुसऱ्याच महिन्यात बंगळूरला गेला. परत येईल असं वाटत होतं. लोक विचारत होते, नाही म्हणवत नव्हतं. मग तिने लिहिलं. तिचं सगळं बरोबर होतं साहेब, म्हणूनच...” ते संभाषण त्याने स्वतःच्याच दुसऱ्या नंबरवरून, तिचा फोटो लावून तयार केलं होतं. कबुली दिल्यावर तो रडला. मग डोळे पुसून म्हणाला, “मेंढरांची चित्रं विकतची आहेत, पण एक गोष्ट खरी आहे. ऐका.”

त्याने एक ध्वनिमुद्रण लावलं. पहाटे उठलेला वाडा, कोकरांचं ओरडणं, एका म्हाताऱ्याची कळपाला घातलेली साद. असे कितीतरी तास होते. कोरेगावच्या बाजूने निघालेल्या एका कळपासोबत तो दोन महिने पायी चालला होता. हवालदार खुर्चीच्या पाठीला हात लावून उभाच राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

खोटी तक्रार आणि बनावट पुरावा याबद्दल त्या तरुणावर गुन्हा नोंदवला. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून त्याविषयी जास्त लिहीत नाही. हवालदाराने बाईच्या घरी जाऊन तिला सगळं सांगितलं. त्यात ते दोन महिन्यांचं चालणंही सांगितलं.

एव्हाना वारं फिरलं होतं. कालपर्यंत तिला शिव्या देणारे आता त्या तरुणाला देत होते. त्याच संध्याकाळी तिने आपल्या पानावर नवीन मजकूर लिहिला. या वेळी मी तो लगेच वाचला. तिने लिहिलं होतं, “माझं सहावं कारण चुकीचं होतं. हा माणूस वाड्यावर राहिला आहे, मेंढपाळांसोबत चालला आहे. मी न तपासता अंदाज लिहिला, त्याबद्दल त्यांची माफी मागते. बाकीची पाच कारणं कायम आहेत.” ज्या माणसाने तिला तुरुंगात पाठवायची तयारी केली होती, त्याची तिने माफी मागितली होती. तीही फक्त जेवढी चूक होती तेवढ्यापुरतीच.

कंपनीला देण्यासाठी तिला ठाण्याचं पत्र हवं होतं. ते मी स्वतः घेऊन तिच्या नवऱ्याच्या दुकानात गेलो. नवऱ्याने हातातली उशी बाजूला ठेवून खुर्ची पुढे केली. सासूबाईंनी सरबत आणलं. तिने पत्र दोनदा वाचलं.

“साहेब, एक विचारू का? यात लिहिलंय, ‘उपलब्ध पुराव्यावरून अर्जात तथ्य आढळून आले नाही.’”

“हो. तसंच लिहायची पद्धत आहे.”

“आढळलं नाही म्हणजे शोधून सापडलं नाही. कदाचित असेलही, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण तुम्हाला तर माहीत आहे की तक्रार खोटी होती. मग खोटी होती असं लिहाल का?”

नवरा कसनुसा झाला. “अगं, साहेब एवढे स्वतः आलेत...”

मी त्याला थांबवलं. ते वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा लिहिलं असेल. ज्याच्या हातात ते पडतं त्याच्यावर अर्धा संशय तसाच राहतो, हे मला कधी सुचलं नव्हतं. कोणी सांगितलंही नव्हतं. मी पत्र परत घेतलं, ठाण्यात जाऊन नवीन तयार करून घेतलं. “सदर तक्रार खोटी असून जोडलेला पुरावा बनावट आहे. संबंधित महिलेचा यात कोणताही दोष नाही.” खाली सही केली, शिक्का मारला आणि पुन्हा दुकानात नेऊन दिलं. दोन दिवसांनी ती कामावर रुजू झाली.

माणूस कसा बोलतो, रडतो की गप्प बसतो, यावरून खरं-खोटं ओळखता येतं असं मी तीस वर्षं समजत आलो. त्या तरुणाचा दाटलेला गळा खरा होता आणि तक्रार खोटी होती. त्या बाईच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं आणि तिचं जवळजवळ सगळं बरोबर होतं. जे चुकलं ते तिने स्वतःच जाहीर केलं. तपास कसा करावा यावर मी अनेक नव्या अधिकाऱ्यांपुढे व्याख्यानं दिली आहेत. सगळ्यात चांगला तपास मी पाहिला तो मात्र एका पंपाच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईचा.

त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत ‘तथ्य आढळून आले नाही’ हे वाक्य मी लिहिलं, पण फक्त जिथे मला खरोखरच काही कळलं नव्हतं तिथे.