अनोळखी बाळाचं सोयर
पानाच्या ठेल्यावर ओल्या चुन्याचा वास आला की आजही माझा हात आधी डोळ्यावर जातो. रामघाटावरच्या आमच्या घरी पान लावताना बाबांनी चुन्याची पुडी दाबली, ती फुटली आणि चुना थेट त्यांच्या उजव्या डोळ्यात उडाला. मी त्यांचं डोकं नळाखाली धरून डोळा कितीतरी वेळ धुतला, मग गल्लीतून त्यांना जवळजवळ ओढतच रिक्षापर्यंत नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळा वाचवायचा तर बाळंतपणात पडणाऱ्या वारेवरचा पातळ पडदा त्यावर शिवावा लागेल, आणि आजच. बाबा जन्मभर सोवळं पाळलेले भिक्षुक. ते ऑपरेशनच्या टेबलावर उठून बसले. "किसके घर का बच्चा है?" "नाम नहीं बताते, पंडितजी. माँ ने अपनी खुशी से दिया है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाबा तरी आडवे होईनात. नर्स ट्रे घेऊन खोळंबली होती आणि आता बाबा नाहीच म्हणणार याची मला खात्री होती. "बाबा, डोळा जाईल हो!" मी ओरडलेच. "अगं, विचारतोय कारण आता ते बाळ घरचंच, आपल्याला सोयर आलं," ते आडवे होत म्हणाले, "दहा दिवस देवपूजेला शेजाऱ्यांना सांग." बाराव्या दिवशी, डोळ्याला पट्टी असतानाच, त्यांनी गल्लीभर घुगऱ्या वाटायला लावल्या. ते मूल आता शाळेत जात असेल, घाटावर माझ्या शेजारून पळालंही असेल. आमच्याकडे आपलं बारसं झालंय, हे त्याला कुठून ठाऊक असणार?