टू-एटी कोणी मागत नाही

अन्याय झाला तो बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका माणसावर. चौऱ्याण्णव साली, रमजान लागण्याआधीच्या गुरुवारी, भर दुपारी, मनामातल्या शिकारी सामानाच्या एका दुकानात. त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही आधी आडनाव बघाल आणि पुढे वाचायचं की नाही ते त्यावर ठरवाल. मी तुम्हाला ओळखतो.

मी त्यांना काका म्हणायचो. मूळचे भंडारा जिल्ह्यातले. तिकडच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून ते बहरीनला आले. दुकानातली गिऱ्हाइकं त्यांना 'उस्ताद' म्हणत. व्हिसावर मात्र 'हेल्पर' लिहिलेलं होतं.

कुठलंही काडतूस हातात आलं की ते चष्मा कपाळावर ढकलत आणि काडतूस उलटं करून त्याचं बूड डोळ्याजवळ नेत. काडतुसाचं माप तिथे कोरलेलं असतं. "आधी बूड पाह्य, बाबू," मला म्हणायचे. "खोका खोटं बोलते. माणूसही बोलते. बूड नाई बोलत."

मी नुकताच औरंगाबादहून आलो होतो. नामांतराच्या चळवळीत पत्रकं लिहून लिहून माझा हात तयार झालेला, आणि तोंड त्याहून जास्त. दुकानात टायपिंग आणि कार्गोचे कागद बघायचो. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना अडवलं. "काका, पंचशील घेता, प्राण्याला मारणार नाही म्हणता, आणि शिकारीच्या बंदुका नीट करता?"

ते कानस चालवत राहिले. "मी आजवर कागदालेच गोळी मारली, बाबू. पण वाकडी बंदूक हरणाले जखमी करून सोडते. ते तीन दिवस मरत राह्यते. तू सांग, बंदूक सरळ करू का तशीच देऊ?"

मी टाइपरायटरवर कागद चढवला. मग त्यांनीच विचारलं, "जेवला का?"

दुकानाच्या मागच्या रॅकमध्ये एक रायफल कित्येक वर्षं पडून होती. माप टू-एटी. तिच्या काडतुसांचे खोकेही खाली धूळ खात होते. मॅनेजरसाहेबांचं तिच्याबद्दल एकच मत होतं: "चालत नाही." साहेब मराठीच. आपलेच. काकांपेक्षा दहा वर्षांनी लहान आणि काकांना अरेतुरे करणारे. बंदूक त्यांनी उभ्या जन्मात उघडली नव्हती, पण काय चालतं आणि काय चालत नाही ते त्यांना कॅटलॉग न उघडता कळे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत काकांनी काउंटरवर तीन काडतुसं ओळीनं उभी केली. "हे थर्टी-ओ-सिक्स, बाप. हे टू-सेव्हन्टी, मोठा पोरगा. आन् हे टू-एटी, धाकटा. एकाच पितळाचे तिघं. धाकटा कशात कमी आहे सांग."

"मग खपत का नाही?"

"तीसेक वर्षं उशिरा जन्मला. मोठ्याले सारा गाव ओळखून राहिला होता. दुसरं, काढणाऱ्यानंच त्याले अर्धपोटी ठेवलं. आपोआप भरणाऱ्या बंदुकीत चालावं म्हणून दारू कमी भरली. लोकायनं तेवढंच पाह्यलं, म्हणे ढिला आहे. मग खपत नाई म्हणून नाव बदललं. लोकायचा घोळ झाला, तर पुन्हा जुनं नाव दिलं. आता दुकानदार म्हणते, कोणी मागत नाई म्हणून ठेवत नाई. गिऱ्हाईक म्हणते, कुठं भेटत नाई म्हणून मागत नाई. झालं, खलास."

मी लगेच पत्रक सुरू केलं. "म्हणजे काका, हे अगदी आपल्यासारखंच..."

"थांब," त्यांनी हात वर केला. "माणसाले काडतूस नको करू. काडतुसाले घरी पोरी नसतात. आन् नाव बदलून काही होत नाई असंही म्हणू नको. विद्यापीठाचं नाव बदललं तर त्याच्यामागं माणसं उभी होती, मेली होती. टू-एटीच्या मागं कोण उभा आहे? मी एकटा."

नामांतर झालं त्या जानेवारीत माहूजच्या आमच्या फ्लॅटवर पंधरा माणसं जमली, वंदना झाली. दुसऱ्या दिवशी काका दुकानात पेढे घेऊन आले. साहेबांनी पेढा घेतला, "वा वा" म्हणाले, आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. चार दिवसांनी ड्रॉवरमधून मुंग्यांची रांग निघाली. काकांनी ओल्या फडक्यानं ती पुसली. एक शब्द बोलले नाहीत. मी असतो तर? मी होतोच. मीही बोललो नाही.

त्याच महिन्यात मुहर्रकचे एक वयस्क व्यापारी आले. त्यांना सगळे हाजी म्हणत. आफ्रिकेत मोठ्या हरणांच्या शिकारीला निघाले होते. साहेबांनी त्यांच्या हातात दुकानातली सगळ्यात नावाजलेली, सगळ्यात दणकट मॅग्नम रायफल दिली. झल्लाकच्या बाजूला एका खासगी रेंजवर आम्ही ती तपासायला गेलो. हाजी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटत. गोळी कुठेही जाई. काकांनी त्यांचा खांदा बघितला. निळा पडला होता.

"हाजी," काका त्यांच्या नागपुरी हिंदीत म्हणाले, "ये बंदूक हिरन को नहीं, आपको मार रही है."

हाजी खो खो हसले. काकांनी गाडीतून ती रॅकमधली टू-एटी काढली. त्यांनी ती आधीच साफ करून, सरळ करून ठेवली होती. हाजींनी पाच गोळ्या मारल्या. पाचही तळहाताएवढ्या जागेत. "उस्ताद!" म्हणून त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली आणि तीच रायफल घेतली.

परतताना गाडीत काका मात्र कागदावर काहीतरी लिहीत होते. दुकानात येताच माझ्यापुढे चिठ्ठी ठेवली. "हे टाइप कर. विमानात सामान मागंपुढं होते. याची काडतुसं तिकडं कोणत्याच दुकानात भेटणार नाईत. दोन खोके आधीच कॅम्पवर पाठवा. विसरू नको, बाबू. ही बंदूक चांगली आहे, पण तिले कोणी शेजारी नाई."

मी कार्गोच्या यादीत ते टाइप केलं. साहेबांनी यादी वाचली आणि त्या ओळीवर लाल रेघ मारली. "जे चालत नाही त्याला कार्गो कशाला? काहीही सांगतो तो." मी यादी फाइलला लावली.

पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच आहे. हाजींची रायफल पोहोचली, काडतुसांची बॅग पोहोचली नाही. तिथल्या दुकानांत बाप होता, मोठा पोरगा होता, धाकटा नव्हता. हाजी आठवडाभर तंबूत चहा पीत बसले आणि बरोबरचे शिकार करून आले.

त्या गुरुवारी ते दुकानात शिरले तेव्हा अरबाब, म्हणजे दुकानाचा मालक, गल्ल्याशेजारी बसला होता. हाजी ओरडत होते. साहेबांनी शांतपणे, इंग्रजीत सांगितलं की हा आमचा हेल्पर आहे, यानं आम्हाला न विचारता तुम्हाला बिनकामाची बंदूक गळ्यात मारली. काका म्हणाले, "मैंने लिखके दिया था." साहेब म्हणाले, "कुठे आहे? दाखव."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

फाइल माझ्या कोपरापाशी होती. लाल रेघेसकट. माझा व्हिसा त्याच अरबाबाचा होता. मी टाइपरायटरच्या कळांकडे बघत बसलो. काकांनी माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही. त्यांनी मला वाचवलं, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं.

दुकानात त्या वेळी आणखी तीन मराठी माणसं होती, ओळखीची, सहज आलेली. त्यांनी तंबूंचे खुंटे तपासून बघितले. फार बारकाईनं.

अरबाबानं काकांना त्याच दिवशी कामावरून काढलं. मुहर्रकच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांना काम मिळत होतं. त्यासाठी दुकानाकडून रिलीज, म्हणजे व्हिसा दुसरीकडे न्यायची परवानगी, हवी होती. साहेबांनी ती दिली नाही, म्हणजे देश सोडणं आलं. अनुभवाचा दाखला दिला, दोन ओळींचा: हेल्पर म्हणून काम केले. वर्तणूक समाधानकारक. तो मला टाइप करायला लावला, आणि मी केला. एकही चूक न करता.

मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. तोंड उघडून माफी मागायची हिंमत नव्हती, म्हणून सामान उचलत होतो. ट्रॉलीचं एक चाक अडकत होतं. काका तिथेच, भर गर्दीत, खाली बसले. चाकात गुंडाळलेली सुतळी नखानं सोडवली, नाण्यानं स्क्रू आवळला, ट्रॉली पुढेमागे ढकलून बघितली. मागे एक बाई कडेवर पोर आणि दोन पेट्या घेऊन उभी होती. ट्रॉली तिला दिली. स्वतःची बॅग खांद्यावर टाकली आणि आत गेले.

तीन वर्षं झाली. भंडाऱ्याजवळ सायकलींचं पंक्चर काढतात. मशीनच्या कामाला दोन कारखान्यांत गेले होते. दोन्हीकडे तो दाखला बघून म्हणाले, हेल्परची जागा नाही.

मी आता इथेच, मनामात, दुसऱ्या ठिकाणी कामाला आहे. यादीची नक्कल माझ्याकडे आहे, मी माझ्या हातानं सगळं लिहून, सही करून काकांना पाठवलं आहे. कारखान्यांत एका सहीनं काम होत नाही. आता तुमचं सांगतो. बहरीनमधल्या कुठल्या मराठी घरातली वस्तू त्या माणसानं दुरुस्त केलेली नाही? तुमचं शिलाई मशीन, तुमचा मिक्सर, तुमच्या पोराची एअरगन. आणि तुम्ही तिघं, खुंटे बघणारे, तुम्हीही हे वाचताय.

कागद घ्या. या माणसाला काय काय येतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, असं लिहा. खाली स्वतःचं पूर्ण नाव घाला, आडनावासकट. आणि आज, दुकानं बंद व्हायच्या आत, मला आणून द्या.