निळ्या शाईची बाटली

आमच्या आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण लग्नाच्या पत्रिका ओळखता यायच्या. वर गणपती असला की पत्रिका गावातल्या कुणाची तरी, आणि वर काहीच नसलं की आपल्या माणसांची. तिचा हिशेब इतका सोपा होता आणि तो कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

त्याला कारण होतं. धर्मांतरानंतर आमच्या घरात झालेलं पहिलं लग्न आत्याचं. आजोबा पत्रिका छापायला गेले तेव्हा छापखान्यात वर टाकायला ठसा होता तो एकच, गणपतीचा. आजोबा म्हणाले, तो नको. मग काय टाकू, असं छापखानेवाल्यानं विचारलं. दुसरा ठसा त्याच्याकडं नव्हता आणि तयार उत्तर आजोबांकडं नव्हतं, त्यामुळं जागा मोकळी राहिली. पुढं छापखान्यांत बुद्धाचे ठसे आले, पण आमच्या भावकीत मोकळी जागा सोडायची वहिवाटच पडून गेली होती. लहानपणी मी का म्हणून विचारलं, तर मोठी माणसं म्हणाली, "आपल्यात असंच असतं." असल्या उत्तरांचा मला तेव्हापासून राग आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं आणि ही वहिवाट मोडायचं वडिलांनी मनावर घेतलं. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. पहिली पत्रिका लोणी भापकरला आत्याकडं द्यायची आणि मगच बाकीच्या वाटायच्या, हा आमच्या घरचा नेम. आबा दर वेळी आत्यापुढं बसून, चष्मा लावून, पत्रिका पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवायचे आणि ती हात जोडून ऐकायची. मला म्हणाले, "आक्काला कायम मीच वाचून दावतो. ह्या बारीला तिची तिला वाचता आली पायजे. वर कायतरी टाक. निळं टाक."

आबा सहसा काही मागत नसत. मागितलं तेही माझ्याकडं मागितलं, याचा मला अभिमान वाटला. मी म्हणाले, पिंपळाचं पान टाकते, निळंशार, दारातून दिसेल असं.

हे मी उगाच फुशारकीनं म्हणत नव्हते. आमच्या इंदापूरच्या घरात पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर होता आणि शेजारी रंगीत प्रिंटर. बारामतीला एसटीनं जाऊन-येऊन मी कोर्स केला होता आणि घरबसल्या व्हिजिटिंग कार्डं, वाढदिवसाची पत्रकं, दुकानांचे छोटे बोर्ड छापून देत होते. अडचण फक्त शाईची. कार्ट्रिज नावाची ती डबी दिसायला काड्यापेटीएवढी आणि पिण्यात रेड्यासारखी. चार कामं झाली की कोरडी. मग मी स्वतःच डोकं लढवलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून लहान मुलांच्या सलाइनच्या बारीक नळ्या आणल्या. कार्ट्रिजच्या डोक्यावर तीन भोकं पाडली, नळ्या आत घालून पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवल्या आणि त्यांची दुसरी टोकं लाल, पिवळ्या, निळ्या शाईच्या तीन मऊ प्लास्टिकच्या बाटल्यांत सोडली. बाटल्यांच्या बुचांना हवेसाठी सुईनं एकेक भोक ठेवलं. डबी पुढं-मागं पळायची आणि नळ्या तिच्यामागं डुलत जायच्या. बघायला गल्लीतली माणसं यायची. एक आजोबा बराच वेळ बघून म्हणाले, "पेशंट बरा हाय का?"

पत्रिकेचा नमुना उत्तम निघाला. सगळ्या घरानं तो हातोहात फिरवला. पण खरं काम सुरू केलं आणि थोड्याच प्रती निघाल्यावर पानात पांढरे पट्टे दिसायला लागले. मग निळा फिका झाला. मग निळा गेलाच आणि पिंपळाचं पान गुलाबी निघालं.

आई म्हणाली, "कवळं पान हाय की. पिंपळाला गुलाबीच फुटतं."

"मला कोवळं नकोय," मी म्हणाले.

लाल चालू, पिवळा चालू, फक्त निळा बंद. डबीचं तोंड मी कोमट पाण्यात भिजवलेल्या सुती कापडानं पुसलं. सिरिंजनं निळी शाई ओढून बघितली. ओढली की यायची, सोडली की नळीतून माघारी पळायची. डबीच खराब झाली असेल, असं धरून मी दुसरी आणायला बारामतीला निघाले. येत्या रविवारी आत्याकडं जायचं पक्कं झालं होतं. आत्याची पत्रिका गेल्याशिवाय दुसरी एकही वाटता येत नव्हती, आणि बाहेर छापून घ्यायचा विषय आबांनी काढलाच असता तर मी जेवले नसते. निघताना बजावून गेले, "कुणी कशाला हात लावू नका."

आबांनी उभी नोकरी कालव्यावर काढली. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, कुठलं दार किती उचलायचं, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. इंदापूर कालव्याच्या शेपटाला. वरच्या अंगाला पाणी पोटभर आणि खाली येईस्तवर धार, हे त्यांनी जन्मभर पाहिलं आणि जन्मभर त्यावर भांडणं सोडवली. असा माणूस माझ्या बंद नळीसमोर दिवसभर स्वस्थ बसेल अशी आशा मी केली, इथं माझं माणसांचं गणित कच्चं.

मी परतले तर पुढच्या खोलीत निळाई पसरली होती. टेबल निळं, प्रिंटरचं पोट निळं, कोऱ्या पत्रिकांचा वरचा गठ्ठा निळा, आणि मधोमध आबा, मनगटापर्यंत निळे, माझ्याच ओढणीनं पुसत बसलेले. निळ्या शाईची बाटली कपाटाच्या माथ्यावर होती.

"बाटली वर कुणी ठेवली?"

"शेपटाला पाणी पोचत न्हवतं," आबा म्हणाले. "मी हेड वाढवलं. उंचावरनं सोडलं की जोर येतो."

मी जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. हा कालवा नाही, ही माझी पोटापाण्याची वस्तू आहे, वगैरे. आवाज चांगलाच चढला होता. आबा एवढंच म्हणाले, "आक्काला सांगून बसलोय गं मी. आवंदा तुझी तू वाचशील म्हणून."

मी चहा टाकायला उठले.

चहा झाला आणि डोकं थंड झालं. डोकं थंड असलं की माझं कधी अडत नाही, हे मी आजही ठामपणे सांगते. मी विचार केला, बाटली वर ठेवल्यावर शाई धावली ते समजण्यासारखं आहे. या यंत्राला उंची चालतच नाही. बाटली टेबलावर, डबीच्या बरोबरीनंच हवी. वर ठेवली की शाई तोंडातून गळत राहते. पण सकाळी ती टेबलावरच होती, तेव्हा का येत नव्हती? मी आबांना विचारलं, वर ठेवल्याबरोबर धावली का?

"न्हाय. वर ठिवली तरी येईना. बाटलीचं प्वाट नुसतं आत गेलं. मग मी बूच उपसलं, तवा आली. आली ती थांबंना."

मी बूच शोधलं. कपाटाखाली सापडलं. माझं सुईचं भोक गायब होतं आणि त्यावर मेणाचा पांढरा ठिपका. लाल आणि पिवळ्या बाटल्यांची बुचं बघितली, तिथं भोकं होती तशी होती.

"हे मेण कुणी लावलं?"

आई दारातच उभी होती. "मी," ती म्हणाली. "नमुना निघाल्यावर भोक दिसलं. म्हटलं उडून जाईल शाई. मग मेणबत्तीचा थेंब सोडला."

"मग तिन्ही बाटल्यांना का नाही सोडला?"

"ती लाल-पिवळी लागतीया कशाला? निळीच म्हत्त्वाची की."

मला हसू आवरेना. आईनं निळ्याला जपलं म्हणून निळा गुदमरला, आणि आबांनी निळ्याला बळ दिलं म्हणून निळा घरभर झाला. लाल-पिवळ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं, त्यामुळं ते सुखात होते. मी आईला म्हणाले, "तेलाच्या डब्याला तू दोन भोकं का पाडतेस?"

"एकानं धार लागत न्हाय. डबा गटागटा करतो," आई म्हणाली, आणि बूच घेऊन नखानं मेण खरवडायला लागली.

मी सुई तापवून भोक मोकळं केलं. नळी शाईनं भरून घेतली, टिचक्या मारून आतले बुडबुडे काढले आणि बाटली टेबलावर मांडली. डबीची आणि तिची उंची सारखी आहे ना, ते आबांकडूनच तपासून घेतलं. कुठल्याही दोन जागांची पातळी नजरेनं जुळवायला त्यांच्याइतका पक्का माणूस तालुक्यात नव्हता. त्यांनी एक डोळा मिटला, टेबलाच्या काठावर गाल टेकवला आणि बाटलीखाली पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवला. "आता सोड," म्हणाले.

मी सोडलं. गठ्ठ्यातल्या कोरड्या राहिलेल्या पत्रिका लावल्या आणि एकामागून एक निळी पानं बाहेर यायला लागली. शेवटच्या पत्रिकेचं पान पहिलीइतकंच गडद होतं. नवी आणलेली डबी मी फोडलीसुद्धा नाही. माझ्या यंत्रात दोष नव्हताच. दोष काय तो प्रेमाचा होता, असं मी जेवताना बोलून दाखवलं आणि आईनं माझ्या ताटात आमटी जरा जोरातच वाढली.

रविवारी आबा आणि मी लोणी भापकरला गेलो. आबांचे हात साबणानं, राखेनं, लिंबानं घासूनही निळेच राहिले होते. एसटीत ते हात टोपीखाली झाकून बसले होते. आत्या अंगणात शेंगा निवडत होती. तिनं आधी भावाचे हात पाहिले.

"हे काय करून घेतलंस?"

"पोरीच्या मिशनीत घातलं हुतं," आबा म्हणाले. "बस हितं. पत्रिका आणलीया."

आत्यानं पदराला हात पुसून पत्रिका घेतली आणि सवयीप्रमाणं भावाकडं परत धरली. आबांचा हातही सवयीनंच खिशात गेला. त्यांनी चष्मा काढला, लावला, आणि वाचायला तोंड उघडलं. तेवढ्यात आत्याची नजर वर गेली. पत्रिका तिनं पुन्हा आपल्याकडं ओढली, उजेडात धरली आणि अंगठ्यानं पानाचा देठ चाचपला, मग कड, मग लांबट टोक. कितीतरी वेळ तिचा अंगठा त्या जागेवर फिरत होता.

"आक्का, वाचू का?" आबांनी विचारलं.

"थांब रं. वाचतीया मी."

आत्यानं बोट पानावर ठेवलं आणि आबा वाचायचे तशाच, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "पान हाय. पिंपळाचं. निळं. म्हंजी लेक आपली, लगीन आपलं, आन् मी जायचं हाय."

मग तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "बरोबर हाय न्हवं?"

मी म्हणाले, "एक अक्षर चुकलं नाही, आत्या."

आबांनी चष्मा उतरवला, घडी घातली आणि निळ्या हातांनी परत खिशात ठेवला.