काळी पाचवरून काळी दोनवर

आवाज फुटला तो मंगळवारी संध्याकाळी, रियाजाच्या वेळी. खोलीत तिघंच होते, आणि तिघांनीही तो ऐकलाच नाही असं दाखवलं.

हिमांशू गात होता. वय तेरा. गेल्या वर्षी याच मुलानं रंगमंदिरात एक जुनं नाट्यपद असं म्हटलं होतं, की पडदा ओढणारा माणूस दोरी हातात धरून तसाच उभा राहिला होता. तेच पद तो आता पुन्हा बसवत होता. अंतरा आला, सूर वर चढला, आणि अगदी टोकावर असताना पायाखालची शिडी कुणी काढून घ्यावी तसा आवाज कोसळला. क्षणभर एक जाड, परका आवाज बाहेर आला. हिमांशूनं खोकल्याचं सोंग केलं. तबल्यावरच्या योगिनीनं उगाच ओढणी सावरली. पेटीवर बसलेल्या बिभीषणनं भाता मिटला आणि म्हणाला, "पाणी पी. आज इथंच थांबू."

त्रिमूर्ती चौकाच्या मागं, एका औषधाच्या दुकानावर चारुताताईंचा हा संगीत स्टुडिओ. दोन खोल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींवर ठोकलेल्या जाड सतरंज्या, आणि गाण्यापेक्षा मोठ्यानं गाणारा एक कूलर. गाणं चारुताताई शिकवत, रियाज बिभीषण करून घेई, ताल योगिनी. तिघंही अजून तिशीच्या अलीकडचे. मुलं बिभीषणला पेटीसर म्हणत, कारण तो कधी गातच नसे. एखादी जागा दाखवायची असली तर पेटीवर दाखवी. बोलला तर फरशीवरून पत्रा ओढल्यासारखा आवाज. मुलांची समजूत अशी, की सरांना सर्दी आहे आणि ती बारमाही आहे.

सर्दी नव्हती. वैजापूरकडच्या वाडीतलं, मेंढरं राखणारं घर. एके काळी या बिभीषणचा गळा असा होता, की जत्रेत ओवी उचलायची वेळ आली की मोठी माणसं मागं सरकत आणि या पोराला पुढं करत. तो चौदाचा झाला त्या वर्षी खुलताबादच्या डोंगराकडच्या एका जत्रेत, घसा धरलेला असताना, त्यानं दिवसभर ओव्या म्हटल्या. आवाज फुटत होता. कुणी म्हणालं ऊन बाधलं, कुणी म्हणालं गारेगार खाल्लं. त्याचे वडील, आप्पा, गळ्यात ढोल अडकवून शेजारी उभे होते आणि दर फेरीला म्हणत होते, "अजून एक, लेकरा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आईला हाक मारली, तर कोण परका माणूस दारात आला म्हणून आईनं डोक्यावर पदर घेतला. तो गळा परत आला नाही. चारपाच सूर उरले, तेही खरवडून काढल्यासारखे. पुढं गावातल्या भजनी मंडळाच्या पेटीवर तो बोटं फिरवायला शिकला, आणि गळ्यातून गेलेलं बोटांत गोळा करत करत या शहरात आला.

म्हणून मंगळवारी हिमांशूचा सूर कोसळला तेव्हा बिभीषणनं पाण्याचं निमित्त करून रियाजच थांबवला. शनिवारी स्टुडिओचा वार्षिक कार्यक्रम होता.

बुधवारी हिमांशूचे वडील आले. मुकुंदराव देव, चिकलठाण्याच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. कंपनीतून सुटले की घरी न जाता आधी स्टुडिओत येणारे. गाण्याचं वेड खरं. लेकाचं गेल्या वर्षीचं पद त्यांच्या मोबाईलवर होतं, आणि भेटणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागे. स्टुडिओतली निम्मी मुलं त्या ऐकण्यातूनच आली होती.

"शनिवारी दिवाळी पहाट करणारी मंडळी येताहेत," मुकुंदराव म्हणाले. "मोठा कार्यक्रम असतो त्यांचा. मी स्वतः बोलावलंय. त्यांना फक्त एक मुलगा घ्यायचाय."

"सर, पट्टी उतरवू या का?" बिभीषणनं विचारलं. "काळी दोन."

गाणारा आपला सा पेटीच्या ज्या सुरावर धरतो ती त्याची पट्टी. हिमांशूची काळी पाच. पोराटोरांची, कोवळ्या गळ्याची उंच पट्टी. काळी दोन म्हणजे बाप्यांची.

मुकुंदराव हसले. "काळी दोन? पोवाडा म्हणायचाय का त्याला?"

"आवाज फुटतोय त्याचा. खरं तर काही महिने गायचंच नाय त्यानं. गायचंच म्हणलं तर खाली गाऊ द्या. वर ओढाताण केली तर गळा धरतो, आणि एकदा धरला की..."

"अहो, सगळ्या पोरांचे आवाज फुटतात! माझाही फुटला होता. शनिवारपर्यंत थांबेल तो. एकदा त्या लोकांनी ऐकू दे, मग काय फुटायचं ते फुटू दे." मग खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमानं ते म्हणाले, "बिभीषण, तुम्ही पेटी छान वाजवता. गळ्याचं गळेवाल्यांना कळू द्या."

बिभीषण पेटीची जाळी पुसत राहिला.

ते गेल्यावर चारुताताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला दिसतंय रे सगळं. पण हॉल ठरलाय, पाहुणे ठरलेत. एवढा शनिवार जाऊ दे. रविवारी मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगते."

"ताई, मला बी एक दिवसच गा म्हणले होते."

चारुताताईंनी मान खाली घातली. पण पट्टी काळी पाचच राहिली.

जिना उतरताना योगिनी म्हणाली, "मास्तर, त्याला माझ्याकडं तबल्याला पाठवा. तबला फुटला तर वर नवी चामड्याची पुडी तरी बसवता येते."

"चेष्टा नको, योगिनी."

"चेष्टा नाय. तुझ्या डोक्यात काय चाललंय ते कळतंय मला. ऐन वेळी पट्टी उतरवायची, व्हय ना? तुझं काय, बोट सरकवलं की झालं. तानपुरा माझ्या मोबाईलवर हाय, त्याला एक बटण. पण काळी पाचला लावलेला तबला काळी दोनला येत नाय. एवढा उतरवला तर पुडी ढिली पडून बद वाजंल. दुसरा तबला घ्यावा लागंल, समद्या हॉलदेखत."

"म्हणजे चोरून करता येणार नाय."

"नाय. केलं तर उघड्यावर." ती स्कूटीला किल्ली लावत थांबली. "मी दोन्ही तबले घेऊन येते. तू सांग नको सांग."

शनिवार उजाडला. आप्पा डोळे दाखवायला म्हणून गावाकडून आले होते आणि लेकाच्या खोलीवर मुक्कामाला होते. मोतीबिंदूमुळं नीट दिसत नव्हतं. "दिसायचं काय करायचंय, ऐकतो की," म्हणत तेही रंगमंदिरात आले आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पटका सावरून बसले.

रंगमंदिराचा मागचा भाग म्हणजे एक वेगळंच गाव असतं. पावडरीचा वास, गजरे, कुणाची तरी हरवलेली पिन, आणि भिंतीपलीकडून येणारी माणसांची गाज. त्या गडबडीत हिमांशू एका कोपऱ्यात, गालात ज्येष्ठमधाची काडी धरून बसला होता. झब्बा नवा होता, चेहरा उतरलेला.

"दुखतंय?" बिभीषणनं विचारलं.

"गिळताना." मुलगा कुजबुजला. "बाबा म्हणाले दोन दिवस बोलूच नको. म्हणजे आवाज साठून राहील."

"आवाज काय डब्यातला लाडू हाय व्हय, साठवायला?"

हिमांशू हसला, आणि हसतानाच आवाज चिरकला. त्यानं घाबरून गळ्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "सर, तुमचा असाच गेला होता ना? योगिनीताईनं सांगितलं."

"व्हय."

"कळलं होतं का तुम्हाला, जाताना?"

"कळलं होतं. पण कुणाकडं बघावं ते कळलं नव्हतं." बिभीषण त्याच्यासमोर उकिडवा बसला. "योगिनीताईनं दोन तबले आणलेत. तुला झेपंना झालं तर माझ्याकडं बघ. नुसतं बघ. पुढचं मी करतो."

"आणि बाबा?"

बिभीषणनं त्याच्या नव्या झब्ब्याचं वरचं बटण लावलं. तिसरी घंटा झाली.

पडदा उघडला. पहिल्या रांगेत मुकुंदराव मोबाईल उंच धरून बसलेले, त्यांच्या शेजारी दिवाळी पहाटवाली पाहुणे मंडळी. उजव्या विंगेत चारुताताई, दोन्ही हात घट्ट धरून. तानपुरा काळी पाचवर सुरू झाला. हिमांशूनं सा लावला, आणि तो लागला. मुखडा सुरेख गेला. हॉलमधून एक "वा" आली. मुकुंदरावांनी शेजारच्या पाहुण्याकडं असं पाहिलं, की बघा, सांगत नव्हतो?

पण बिभीषणला दुसरं काही ऐकू येत होतं. प्रत्येक सुराच्या काठाला एक बारीक खरखर होती. मुलगा मानेच्या शिरा ताणून गात होता. अंतरा जवळ येत होता. समेवर येताना हिमांशूनं नुसती मान वळवली आणि पेटीकडं पाहिलं.

बिभीषणनं पेटीवरचे हात उचलले.

चालू गाण्यात, भरल्या हॉलसमोर, साथीदारानं हात उचलायचे, हे रंगमंचावर कुणी करत नाही. तबला थांबला. एकटा तानपुरा वाजत राहिला आणि मग तोही योगिनीनं बंद केला. जी शांतता पसरली ती अशी, की खुर्चीचा कुरकुर आवाजही अपमानासारखा वाटावा. विंगेतून चारुताताई कुजबुजल्या, "बिभीषण, वाजव! वाजव!" योगिनीनं मात्र खाली मान घालून पुढ्यातला तबला बाजूला ठेवला, मागचा ओढला, हातोडीनं दोन ठोके दिले. टक्, टक्. लोकांच्या माना उंचावल्या. मुकुंदराव उठून उभे राहिले.

"काय चाललंय? पट्टी काळी पाच आहे त्याची!"

बिभीषणनं काळी दोनचा सा धरला, योगिनीनं तानपुरा त्यावर आणला आणि ठेका सुरू केला. "घे," बिभीषण हळूच म्हणाला.

हिमांशूनं घेतला नाही. तो बापाकडं बघत उभा होता, आणि त्याचे ओठ हलत नव्हते. उंच सूर मागं गेला होता आणि खालचा त्यानं कधी आपला म्हणून पाहिलाच नव्हता. एक आवर्तन रिकामं गेलं. दुसरं गेलं. मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली.

तेव्हा बिभीषण गायला.

मुखड्याची पहिली ओळ, त्याच्या त्या चारपाच सुरांत. आवाज फाटका होता, गंजलेला होता, मध्येच श्वास सुटत होता. पेटीपुढचा माईक चालू होता, त्यामुळं तो साऱ्या हॉलभर गेला. कुणीतरी खुदकन हसलं. बिभीषणचे कान तापले, पण तो थांबला नाही. ओळ संपवून तो मुलाला म्हणाला, आणि माईकनं तेही लपवलं नाही, "वरचा गेला रे, हिमांशू. आता हा तुझा हाय. जसा हाय तसा घे."

साउंडवाला कठड्यावरून ओरडला, "पेटीवाले भाई, माईक चालू है!"

"राहू दे चालू," बिभीषण म्हणाला आणि पुन्हा तीच ओळ उचलली. या वेळी अर्ध्यात हिमांशू मिळाला. आधी घाबरत, मग जरा सावरून. आवाज जाड होता, खडबडीत होता, नव्या चपलेसारखा चावत होता. पण शिरा ताणल्या नव्हत्या. अंतऱ्यातली ती टोकाची जागा बिभीषणनं पेटीवर घेतली आणि मुलाला खालूनच वळवून समेवर आणलं. पद संपलं. टाळ्या पडल्या, गेल्या वर्षीसारख्या नव्हेत. पोर पडलं नाही ना, अशा सुटकेच्या टाळ्या.

दिवाळी पहाटवाली मंडळी मध्यंतरात निघून गेली.

मुकुंदराव विंगेत आले तेव्हा चेहरा लाल झाला होता. चारुताताई पुढं झाल्या. "चूक माझी आहे. तुम्हाला बुधवारीच सांगायला हवं होतं."

त्यांचं लक्ष नव्हतं. ते बिभीषणसमोर उभे राहिले. "कुणाला विचारून केलंत?"

"त्याला विचारून."

"वर्षभर वाट पाहिली होती मी. एक दिवस! एक दिवस राहिला असता तो आवाज!"

"आणि दुसऱ्या दिवशी कायमचा गेला असता, सर. मी सांगतो ना तुम्हाला, मागं उरतो तो कसा असतो." बिभीषणचा आवाज आता जवळजवळ उरलाच नव्हता. "तुम्ही ऐकलाय की आत्ता."

मुकुंदरावांनी हातातल्या मोबाईलकडं पाहिलं. मग कुणालाच न सांगता त्यांनी गेल्या वर्षीचं पद लावलं. तो कोवळा, उंच सूर विंगेतल्या धुळीत तरंगत राहिला. सगळे ऐकत उभे राहिले, कुणी गेल्यावर उभे राहतात तसे.

"हे आता परत नाही?" त्यांनी विचारलं.

"नाय."

त्यांनी मोबाईल बंद केला. बराच वेळ त्याची काच अंगठ्यानं पुसत राहिले. मग मुलाकडं वळले. "घसा दुखतोय का रे?"

"थोडा," हिमांशू म्हणाला. त्या जाड आवाजात. बापानं दचकून त्याच्याकडं पाहिलं.

"चल. गरम काहीतरी घेऊ." जाता जाता, मागं न बघता, मुकुंदराव म्हणाले, "सोमवारी क्लास आहे ना त्याचा?"

"हाय. पण गायचं नाय. काही महिने नुसतं ऐकायचं."

मुकुंदराव चालतच राहिले. पण मान हलली, असं योगिनीला वाटलं.

हॉल रिकामा झाल्यावर बिभीषण आप्पांना आणायला गेला. म्हातारा दाराजवळच्या खुर्चीत तसाच बसून होता, दोन्ही हात काठीवर. त्या जत्रेनंतर लेकाचं गाणं त्यानं ऐकलं नव्हतं, आणि त्याविषयी बापलेक कधी बोलले नव्हते. बिभीषणनं हात दिला. आप्पांनी तो धरला, उठले नाहीत.

"आधीची पट्टी कंची व्हती?"

"काळी पाच, आप्पा."

"अन् तू धरली ती?"

"काळी दोन."

आप्पांनी पटका सावरला. मग काठी टेकत उठले, लेकाच्या खांद्याचा आधार घेतला, आणि म्हणाले, "तीच धर इथून पुढं. तिच्यात बसतोय तुझा गळा."