पुलावरून आईला लिहिलेलं कार्ड

तुम्ही विचारलंत, हायडेलबर्गच्या फोटोत आजी पुलाच्या कठड्यावर वाकून काय करते आहे. कार्ड लिहिते आहे मी, माझ्या आईला.

आम्ही तेव्हा कतारला, दोह्यात, फरीज बिन ओमरान नावाच्या वस्तीत राहत होतो. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. तुमच्या आजोबांना कंपनीने ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं आणि आम्हालाही तीन आठवडे बरोबर जाता येणार होतं. आई नाशिकला माझ्या दादाकडे असायची. त्याच सुमारास तिचं पत्र आलं, "या उन्हाळ्यात ये गं, बरं वाटत नाही." मी कळवलं, दिवाळीला येते. तिचं उत्तर आलं नाही.

निघताना मी शेजारच्या वहिनींना किल्ली आणि एक यादी दिली. त्या रत्नागिरीच्या. यादीत चौथं होतं: पत्रं उघडून पाहावीत, निकडीचं असेल तर सोबतच्या नंबरवर फोन करावा.

हायडेलबर्गला आम्ही सकाळच्या गाडीने गेलो, एका दिवसासाठी. डोंगरावर लाल दगडांचा मोडका किल्ला. भिंती उभ्या, वर छप्पर नाही, खिडक्यांतून आभाळ दिसतं. तुमची आई सात वर्षांची होती. वरच्या एका खिडकीकडे बोट दाखवून ती इंग्रजीत म्हणाली, "तिथे कोणीतरी बसलंय."

"कबुतर असेल," आजोबा हसले.

मी पाहिलं, तर काहीच नव्हतं. पण दिवसभर मी मागे वळून पाहत राहिले. खाली उतरल्यावर आम्ही चेरीचा केक खाल्ला, आणि पुलावर मी लिहिलं, "आई, रागावू नकोस. दिवाळीला नक्की."

चार दिवसांनी दोह्याला परतलो. बॅगा उघडायच्या आत बेल वाजली. दारात वहिनी, हातात डबा. पिठलं-भाताचा वास आला आणि मी समजले. आपल्याकडे ज्या घरात कोणी गेलं असेल, तिथे शेजारचे असा डबा नेतात.

"फोन केला होता गो मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे फिरायला गेलेलात. त्या लॉजवाल्या बाईला माझं कळेना, मला तिचं. मग म्हटलं, आता इथे आल्यावरच सांगू."

"पत्र कुठे आहे?"

"ते कसलं ठेवायचं? वर श्री नव्हता, तेव्हाच कळलं कोणी गेलं ते. वाचलं, फाडलं, खलास. अशुभाचं घरात ठेवू नये."

"दादाने काय लिहिलं होतं?"

"आईंनी शेवटी तुझं नाव घेतलं. काय म्हणाल्या तेही होतं, दोन ओळी. मला रडू येत होतं गो, आता नीट आठवत नाही."

मी त्यांच्या हातातला डबा घेतला. यादी माझी होती, आणि पत्र जपून ठेवा असं मी तीत लिहिलं नव्हतं.

दिवाळीला नाशिकला गेले. दादाने माझं कार्ड परत दिलं; आई गेल्यानंतर ते पोचलं होतं.

"तिचं म्हणणं तुला लिहिलंच होतं," तो म्हणाला. "पुन्हा नको बोलायला."

मी मान डोलावली. पत्र मी वाचलंच नाही असं म्हटलं असतं, तर त्याने सांगितलं असतं. मला ऐकायची भीती वाटली. आता दादाही नाही.

पाकीट मात्र वहिनींनी ठेवलं होतं, तुमचा मामा तेव्हा पोस्टाची तिकिटं जमवायचा म्हणून. त्यावर दादाचं अक्षर आहे. तिकिटं मी काढू दिली नाहीत. अजूनही कधी कधी मी त्यात बोटं घालून पाहते. कार्ड त्यातच ठेवलंय. थोडं मोठं आहे, अर्धा इंच वर राहतं.