दिवसा निजलेली बाई

गिरणीला रविवारची सुट्टी लागू झाली तेव्हा आमच्या परळच्या चाळीत नारळ फुटले. मीही खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि खुळ्यासारखी हसले. सुट्टी त्यांना होती, मला नव्हती. पण हे कळायला पहिला रविवार उजाडावा लागला.

माझी खाणावळ होती. खाणावळ म्हणजे काय, तर एक खोली, एक चूल आणि आमच्याच मुलखातले दहा-बारा गिरणीवाले, ज्यांची बायकामुलं तिकडे कोकणात. ते बाहेरच्या गॅलरीत निजत, ट्रंकाही तिथेच ठेवत. आमचे हेही त्याच गिरणीत. एरवी हे सगळे पहाटे भाकरी बांधून जात, ते दिवे लागल्यावर परत येत. मधे पाणी, दळण, भांडी, बाजार असलं, तरी निदान घरात माणूस नसे. रविवारी मात्र सगळे दिवसभर घरी. कुणाला अंघोळीला कढत पाणी हवं, कुणाला ताजा बांगडा, कुणाला दुपारी पुन्हा भूक. आधीच मी थकलेली, त्यात हा रविवार म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

गावाला कमी राबत होते असं नाही. पण तिथे वर्षाकाठी माहेर होतं. आई म्हणायची, "पड गो जरा," आणि मी ओटीवर खुशाल आडवी होई. मुंबईत तसं म्हणणारं कुणी नव्हतं. परमुलूख म्हणतात तो हाच असावा. अशी काही वर्षं गेली. कंबर धरली, हातांना भेगा पडल्या, केसांना तेल लावायची आठवणसुद्धा होईना. शेवटी धीर करून मी भर पंगतीत सांगितलं, रविवारी संध्याकाळची चूल बंद. सगळे हसले. पंगतीत आमच्याच गावचे एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणत. ते म्हणाले, "गो, तू तर घरातच आसतंस. तुका कसली सुट्टी?"

पुढच्या रविवारी दुपारची भांडी घासून झाल्यावर दार ओढून घेतलं. डोक्याला खोबरेल चोळलं, सावकाश न्हाले आणि चटईवर आडवी झाले. इतकं सुख वाटलं की रडू आलं.

ते गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे दिवस होते. ताप म्हटला की सरकारी तपासणीवाले येत, माणसाला उचलून इस्पितळात नेत, सामान जाळत. समोरची चाळ अशीच ओस पडली होती. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण दमलेल्या माणसाला एवढा पुढचा विचार सुचत नाही.

थोड्या वेळाने आमचे हे दार ढकलून आत आले आणि उंबऱ्यातच थबकले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला दिवसा निजलेली पाहिलीच नव्हती.

"ताप इलो काय गो?"

"नाय हो. दमलंय."

यांनी कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं, तरी यांचा चेहरा उतरला. बाहेर जाऊन हे कुणाला तरी म्हणाले, "ती निजली हा," आणि तेवढं पुरलं. आधी कुजबूज, मग ट्रंका ओढल्याचे आवाज. मी उठून दारात आले, तर निम्म्या लोकांची बोचकी बांधून झाली होती.

"वैनी, भायर येव नकात," एकजण मागे सरत म्हणाला.

"माका काय एक झाला नाय. फक्त दमलंय."

कुणाचा विश्वास बसेना. आजारी बायका त्यांनी पाहिल्या होत्या, मेलेल्याही पाहिल्या होत्या. दमलेली बाई कशी दिसते हे त्यांना माहीतच नव्हतं. मामा जिन्याकडे निघाले. तपासणीवाल्यांना वर्दी द्यायलाच हवी, म्हणाले. वर्दी गेली तर मला उचलून नेतील आणि मी परत येणार नाही, हे मला कळलं.

मी आत वळले. दार सताड उघडं ठेवलं, चुलीत लाकडं सारली, परातीत पीठ घेतलं. सगळ्यांना माझे हात दिसतील अशी बसले. पहिली भाकरी टम्म फुगली तेव्हा दारातल्या एकाने बोचकं खाली ठेवलं. मग हळूहळू सगळेच आत आले, जिन्यापर्यंत गेलेले मामाही. त्या संध्याकाळी ते रोजच्यापेक्षा जास्त जेवले, थट्टामस्करीसुद्धा केली.

"बरी आसस मगे," मामा हात धुताना म्हणाले. "उगाच घाबरवलंस."

मला संताप यायला हवा होता. त्यालाही अंगात त्राण लागतं.

सगळे पांगल्यावर हे चुलीपाशी येऊन बसले. हळूच म्हणाले, "परत अशी दिवसाची निजा नको. लोकां घाबरतत."

"मगे निजू कधी?" मी विचारलं.

यांनी बोटांवर वार मोजले, रविवारपर्यंत आले आणि पुन्हा सोमवारपासून मोजू लागले.